डोंगरातली इलेक्ट्रिक सहल : आखणी तपासून देता का?

कडेकपार | शुक्रवार, रात्री ९:४०

मंडळी, दोन वर्षं इलेक्ट्रिक गाडी चालवतोय, पण सगळी सपाटीवर. आता पहिल्यांदाच डोंगरात न्यायची म्हणतोय. आम्ही चौघं : मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि आई. डिकी गच्च भरणार हे उघड आहे.

बॅटरीत वापरता येतील अशी ४२ युनिटं. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन साधारण २००० किलो होईल. सपाटीला ती किलोमीटरला १४० वॉट-तास खाते.

आखणी अशी. पायथ्याच्या गावात फास्ट चार्जर आहे, उंची ६०० मीटर. तिथे ८० टक्के करून निघायचं, कारण ८० नंतर चार्जर रांगायला लागतो. पुढे १८० किलोमीटरवर मुक्काम, उंची २१०० मीटर. वाटेत ३३०० मीटरची खिंड आहे. मुक्कामी साधा सॉकेट मिळेल असं फोनवर कळलं. तिसऱ्या दिवशी १२० किलोमीटरवरच्या २४०० मीटर उंचीच्या गावात, आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या बाजूने ७० किलोमीटर उतरून पुन्हा ६०० मीटरवर, तिथे परत फास्ट चार्जर.

माझा हिशेब : ८० टक्के म्हणजे ३३.६ युनिटं, म्हणजे २४० किलोमीटर. जायचंय १८०. साठ किलोमीटर हातात राहतात. बरोबर ना?

---

तिरकस | शुक्रवार, रात्री ९:५२

पेट्रोलची गाडी घेऊन जा. धागा संपला. (हलके घ्या.)

---

गणितकाकू | शुक्रवार, रात्री १०:३०

बरोबर नाही. तुमच्या हिशेबात डोंगरच नाहीये.

२००० किलो वजन १०० मीटर उचलायला चाकाशी सुमारे ०.५५ युनिट लागतं. वजन गुणिले ९.८ गुणिले उंची, भागिले ३६ लाख, झालं. मोटर आणि बाकीच्या गळतीसकट बॅटरीतून ०.६ धरा. ६०० वरून ३३०० म्हणजे २७०० मीटर चढ, म्हणजे १६ युनिटांच्या वर. बॅटरीचा ३८-३९ टक्के भाग निव्वळ उंचीपायी जातो. अंतराचे पैसे वेगळे.

आता तुमचाच आकडा घेऊ. खिंडीपर्यंतचं अंतर लिहिलेलं नाही, पण खिंड शेवटच्या टप्प्यात असेल असं धरते.

---

कडेकपार | शुक्रवार, रात्री १०:३८

हो काकू, खिंड १४३ व्या किलोमीटरला. ९५ व्या किलोमीटरला एक गाव लागतं, उंची १९००. खिंडीनंतर ३७ किलोमीटर उतार.

---

गणितकाकू | शुक्रवार, रात्री १०:५५

मग बघा. १४३ किलोमीटरचे १४० च्या दराने २० युनिटं, चढाची १६.२. एकूण ३६.२. तुमच्याकडे ३३.६. खिंड दिसायला लागेल आणि गाडी बसेल.

---

सावकाश | शनिवार, सकाळी ७:१५

काकूंचं चढाचं गणित चोख आहे, पण १४० चा दर डोंगरात लागू होत नाही. तो ८०-९० च्या वेगाचा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि वळणावळणाच्या रस्त्यावर ४० च्या वर कोण जातंय? त्यात ३००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास पाऊणपट असते. माझ्या तशाच आकाराच्या गाडीचा घाटातला दर, उंचीचा भाग वगळून, १०० ते ११० येतो. १०५ धरा.

म्हणजे खिंडीपर्यंत १५ अधिक १६.२, एकतीसच्या आसपास. ८० टक्क्यांनी निघालात तर खिंडीवर ६ टक्के उरतील. जमेल, पण घाम फुटेल.

आणखी एक. थंडीत बॅटरी गार असली की रीजन (उतारावर मोटर जनित्र होऊन गाडीला रोखते आणि बॅटरी भरते ते) कमी मिळतं, सकाळी निघताना लक्षात ठेवा.

---

गणितकाकू | शनिवार, सकाळी ८:०२

वेगाचा मुद्दा मान्य. १०५ घेऊ. पण मग हीटरही धरा. सतत चालू ठेवलात तर सरासरी २ किलोवॉट सहज जातात. १८० किलोमीटर घाट म्हणजे पाच तास, म्हणजे १० युनिटं, म्हणजे २४ टक्के. घाटात वेळ हा खर्चाचा वेगळा रकाना आहे, सपाटीवर तो जाणवत नाही. तिथे आपण पाच तासांत चारशे किलोमीटर जातो, त्यात दहा युनिटं विरघळून जातात.

---

शंकेखोर | शनिवार, सकाळी ८:२०

पण उतारावर सगळं परत मिळतं ना? मग एवढा खल कशाला? शिवाय रेंजचा काटा आहेच की समोर.

---

गणितकाकू | शनिवार, सकाळी ८:४४

सगळं मिळत नाही. उतरतानाही चाकांचं आणि हवेचं घर्षण आपला वाटा आधी घेतं. मग मोटर जनित्र होते तिथे थोडं जातं, बॅटरीत शिरताना थोडं. ढोबळ हिशेबाला १०० मीटर उतारामागे ०.३५ युनिट धरावं, चढाला ०.६ गेलेलं असताना. आणि ते मिळतं खिंड ओलांडल्यावर. अलीकडे अडकलात तर पलीकडच्या उताराचा काय उपयोग?

काट्यावर तर मुळीच जाऊ नका. तो मागच्या काही किलोमीटरांवरून पुढचं भाकीत करतो. चढावर दहा किलोमीटरात तीस किलोमीटरने घसरेल, उतारावर अवाच्या सवा वाढेल. दोन्ही वेळा तो मागे बघून बोलत असतो आणि रस्ता पुढे बदललेला असतो. टक्के बघा.

---

वळणावळण | शनिवार, दुपारी १:१०

उशिरा आलो. डोंगरात इलेक्ट्रिक गाडीने पाच-सहा सहली झाल्यात, त्यातून एक गोष्ट सांगतो, जी आखणीच्या कुठल्याही अ‍ॅपने मला आधी सांगितली नव्हती.

खिंडीपर्यंत चढत असताना तुमच्या खिशात परतीचं तिकीट असतं. दरड कोसळली, आईला बरं वाटेना, टक्के कमी वाटले, काहीही झालं तरी गाडी वळवायची. उतार फुकटात खाली आणून सोडतो, वर दोन-चार टक्के हातावर ठेवतो. ३० टक्क्यांवर घाबरून परत फिरलेला माणूस खाली ३३ टक्क्यांनी पोचतो.

खिंड ओलांडली की ते तिकीट फाटलं. आता मागे जायचं म्हणजे पुन्हा चढायचं. म्हणून माझी सगळी आखणी खिंडीवरून सुरू होते, घरून नाही. प्रश्न एकच : वर पोचलो, समोर उतरलो आणि खालचा सॉकेट बंद निघाला, तर मला पुन्हा वर येता येईल का?

कडेकपार, तुमच्या बाबतीत मुक्कामापासून खिंडीपर्यंत परत चढायला ३७ किलोमीटरचे ४ आणि १२०० मीटरचे ७.२, म्हणजे ११ युनिटं, २६ टक्के लागतील. थोडी उसंत धरून खिंडीवर ३५ टक्के असायला हवेत. तुमच्या आखणीत ६ आहेत. तुम्ही मुक्कामी पोचाल, पण पोचल्यावर त्या एका सॉकेटचे मिंधे असाल.

यावरचा उपाय तुम्हीच वर लिहून गेलात : ९५ किलोमीटरवरचं गाव. तिथे रात्र काढा. दुसऱ्या दिवशी फक्त १४०० मीटर चढायचे राहतात.

---

कडेकपार | शनिवार, दुपारी २:०५

बाप रे. वळणावळण, हे डोक्यातच नव्हतं. मी १८० किलोमीटर एका सरळ रेघेसारखे बघत होतो.

एक दिवस वाढवतो. आईलाही बरं, एकदम उंचावर झोपायचं नको. पायथ्याशी ८० वर थांबायचं की १०० करायचं?

---

वळणावळण | शनिवार, दुपारी २:२०

पायथ्याशी भरा, निदान ९५. 'फास्ट चार्जरला ८० च्या पुढे जाऊ नये' हा नियम पुढे दुसरा फास्ट चार्जर असतो तिथला. पुढे नुसता चढ आणि एक सॉकेट असेल तर तो अर्धा-पाऊण तास जास्त बसणं सत्कारणी लागतं. त्या वेळात हातपाय मोकळे करा.

चौथा (आता पाचवा) दिवस मात्र उलटा. २४०० वरून ६०० वर उतरायचंय. तिथे १०० करून निघालात तर पहिल्याच उतारावर बॅटरी म्हणेल, जागा नाही. रीजन बंद आणि सगळा भार ब्रेकवर. खरं तर तिथे चार्जच करू नका. ५०-६० टक्के असतील तर तसेच निघा, खाली पोचाल तेव्हा पाच-सात टक्के वाढलेले असतील.

---

शंकेखोर | शनिवार, दुपारी ३:००

रीजन बंद झालं तर झालं, ब्रेक आहेत की. आजवर सगळ्या गाड्या ब्रेकवरच उतरल्या ना?

---

ओहमचा_भाऊ | शनिवार, दुपारी ३:४५

ब्रेकवर नाही उतरल्या, इंजिनावर उतरल्या. खालचा गिअर टाकून. इलेक्ट्रिक गाडीत तसा खालचा गिअर सहसा नसतोच, तिचं इंजिन-ब्रेकिंग म्हणजे रीजन. ते गेलं की न्यूट्रलमध्ये उतरल्यासारखं.

१८०० मीटर उतारात २००० किलोची किती उष्णता होते बघा : चाकांशी पावणेदहा युनिटं. त्यातला अर्धा भाग घर्षणात गेला तरी उरलेल्यात पन्नास लिटर पाणी उकळेल. ती सगळी चार चकत्यांत. ब्रेक ऑइल डॉट-४ असेल तर नवं असताना उकळबिंदू किमान २३०, ओलावा शोषलेलं असेल तर १५५ अंशांपर्यंत उतरलेला. ऑइल उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं.

आणि इलेक्ट्रिकवाल्यांचा एक खास धोका. रोज रीजनवर चालवून ब्रेक वर्षानुवर्षं फारसे लागतच नाहीत, म्हणून तिकडे कोणी बघत नाही. ऑइल मात्र वापर असो नसो, ओलावा शोषतंच. निघायच्या आधी बदलून घ्या.

---

सावकाश | शनिवार, दुपारी ४:१०

+१. अमेरिकेत पाइक्स पीक या डोंगराच्या रस्त्यावर उतरणाऱ्या गाड्या वाटेत ग्लेन कोव्हला थांबवून ब्रेकचं तापमान मोजतात, जास्त असेल तर गार होईपर्यंत बसवून ठेवतात.

त्याच रस्त्यावरची गंमत : तिथल्या चढाईच्या शर्यतीत आठ मिनिटांच्या आत पहिल्यांदा पोचली ती इलेक्ट्रिक गाडीच. २०१८ साली, फोक्सवॅगनची आय.डी. आर, चालक रोमाँ द्यूमा, ७ मिनिटं ५७.१४८ सेकंद. २० किलोमीटर, १५६ वळणं, शेवट ४३०२ मीटरवर. तिथे हवा इतकी विरळ की साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटते. मोटरला हवा लागतच नाही.

---

तिरकस | शनिवार, दुपारी ४:३०

म्हणजे चढताना धाप फक्त आपल्याला लागणार.

अवांतर : स्वित्झर्लंडमध्ये बीलजवळच्या एका खाणीत इलेक्ट्रिक डंपर आहे. वर रिकामा जातो ४५ टनांचा आणि उतरतो ६५ टन दगड घेऊन. उतारावर इतकी वीज बनते की वर जायला लागते त्याची भरपाई होऊन उरते. कडेकपार, तुम्ही सासुरवाडीचं सामान वरून खाली आणणार असाल तर विचार करा.

---

कडेकपार | शनिवार, दुपारी ४:४१

:) सामान वर न्यायचंच आहे फक्त.

सॉकेटबद्दल कोणी सांगा. तोच माझा एकमेव आधार दिसतोय आता.

---

ओहमचा_भाऊ | शनिवार, संध्याकाळी ६:२०

हा माझा प्रांत. जरा लांबण लागेल.

फोनवर 'सॉकेट आहे का' असं विचारू नका. सगळीकडे असतो. विचारायचं ते हे : जाड पिनांचा, म्हणजे १५-१६ अँपिअरचा आहे का, आणि त्याला अर्थिंग आहे का. मालकाला माहीत नसतंच. मग विचारा, त्यावर गिझर चालतो का? गिझरचा सॉकेट म्हणजे वायर त्यातल्या त्यात जाड.

गाडीचा पोर्टेबल चार्जर अर्थिंग नसेल तर लाल दिवा लावून बसतो. डोंगरातल्या जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. जनरेटरवरही हाच त्रास, कारण त्याचा न्यूट्रल तरंगता, म्हणजे जमिनीला न जोडलेला असतो. आता याच्यावर एक 'जुगाड' मिळतो : न्यूट्रल आणि अर्थ आतल्या आत जोडलेला प्लग. चार्जर फसतो, चार्जिंग सुरू होतं. पण न्यूट्रल कुठे सुटला तर अख्ख्या गाडीच्या पत्र्याला वीज येते, आणि बाहेर ओली जमीन, दाराला हात लावणारी लहान मुलं. तो प्लग जवळसुद्धा बाळगू नका. दुसऱ्या खोलीतला सॉकेट बघा.

पातळ वायरचं एक्स्टेंशन नको. न्यायचंच तर २.५ चौरस मिलिमीटरचं, आणि रिळावर गुंडाळलेलं न ठेवता पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर स्वतःच हीटर बनते.

चार्जिंग सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर गाडीतून करंट कमी करा, १० किंवा ८ अँपिअर. रात्र मोठी असते. २३० व्होल्टला ८ अँपिअर म्हणजे १.८ किलोवॉट, अकरा तासांत २० युनिटं, गळती जाऊन बॅटरीत १७. तुमच्या गाडीचे ४० टक्के झाले की.

आणि पोचल्या पोचल्या लावा. चालून आलेली बॅटरी गरम असते. शून्याखाली गार बॅटरीला जोरात चार्ज केलं तर लिथियम आत शिरायचं सोडून वरच साचतं, म्हणून गाडी स्वतःच वेग पाडते.

---

गणितकाकू | शनिवार, रात्री ८:५०

तिसऱ्या टप्प्याचंही बघून टाकते, त्यावर कोणी बोललेलं नाही. २१०० वरून २४००, १२० किलोमीटर. तुम्ही चढ ३०० मीटर धरला असणार.

---

कडेकपार | शनिवार, रात्री ८:५८

अर्थातच काकू. ३०० च.

---

गणितकाकू | शनिवार, रात्री ९:१०

रस्त्याचा उंचीचा आलेख उघडा आणि प्रत्येक चढाची बेरीज करा. मी थांबते.

---

कडेकपार | शनिवार, रात्री ९:४७

केली. रस्ता तीनदा नदीपर्यंत उतरतो आणि तीनदा चढतो. एकूण चढ १९००, उतार १६००. काकू, शाळेत तुमच्याच हाताखाली असतो तर बरं झालं असतं.

---

गणितकाकू | शनिवार, रात्री ९:५५

असतात तर बेरीज आधी केली असतीत. अंतराची १२.६, चढाची ११.४, उताराची वजा ५.६. एकूण १८.४, म्हणजे ४४ टक्के. तुमच्या ३०० मीटरवाल्या हिशेबाने ३४ आले असते. दहा टक्क्यांचा फरक आहे, जीवघेणा नाही, पण चूक ती चूक.

'ए बेटर रूट प्लॅनर' या आखणीच्या अ‍ॅपमध्ये उंची आपोआप धरली जाते. त्यात गाडीचं वजन, तापमान आणि सुरुवातीचे टक्के मात्र नीट भरा, आणि माझ्या आकड्यांशी ताडून पाहा. दोघांत मोठा फरक आला तर मला कळवा, कोणीतरी चुकतंय.

---

वळणावळण | रविवार, सकाळी ७:३०

सुटे मुद्दे, पटापट. फास्ट चार्जर नकाशावर दिसतो म्हणजे चालू आहे असं नाही. प्लगशेअर या चार्जर दाखवणाऱ्या अ‍ॅपवर शेवटची यशस्वी नोंद कधीची आहे ते बघा, दोन महिने जुनी असेल तर तो नाहीच असं धरा. स्टेपनी नसेल तर पंक्चर किटचं औषध आणि पंप तपासा. टायरची कड फाटली तर ते किट निरुपयोगी, त्यामुळे खड्ड्यांत सावकाश. गाडी ओढायची वेळ आलीच तर चालती चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, पूर्ण गाडी ट्रकवर चढवायची. बारा व्होल्टची छोटी बॅटरी जुनी असेल तर निघण्याआधी तपासा. ती मेली की मोठीत ८० टक्के असून दार उघडत नाही.

आणि हीटरऐवजी सीट गरम करायची सोय असेल तर ती वापरा. एका सीटला शंभरेक वॉट, हीटरला त्याच्या वीसपट.

---

कडेकपार | रविवार, सकाळी १०:००

सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली आहे. ब्रेक ऑइल उद्याच बदलून घेतो. आल्यावर वृत्तांत टाकतो.

---

कडेकपार | सोळा दिवसांनी, मंगळवार, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. सुखरूप परत आलो.

पायथ्याशी ९५ टक्के केले. गावात ५० टक्क्यांनी पोचलो. मुलीने एक वही केली होती, त्यात ती दर काही किलोमीटरला उंची आणि टक्के लिहीत होती. काकूंच्या दरांनी ५२.७ येत होते. तिने वहीत 'काकू पास' असं लिहिलंय.

गावातला सॉकेट गिझरचाच निघाला, हिरवा दिवा लगेच लागला. मी निर्धास्त होऊन आत गेलो. भाऊंचं वाक्य आठवलं म्हणून वीस मिनिटांनी बाहेर येऊन प्लगला हात लावला तो झटकन मागे घेतला. प्लग ओढून काढला तर एका पिनेच्या मुळाशी पांढरं प्लास्टिक तपकिरी व्हायला लागलेलं, आणि तो वास, तापलेल्या बेकेलाइटचा. करंट १६ होता. दुसऱ्या खोलीतला सॉकेट घेतला, ८ अँपिअरवर आणलं, मग रात्रभर प्लग नुसता कोमट. सकाळी ८८ टक्के. भाऊ, तुमचे ४० मला ३८ पडले, तक्रार नाही.

खिंडीवर ५६. तिथे उतरून सगळ्यांनी फोटो काढले आणि मी एकटा मनातल्या मनात तिकीट फाडत होतो. काट्यावर तोवर रेंज १०५ किलोमीटर दिसत होती. बायको म्हणाली, 'सकाळी तर पावणेतीनशे होती!' खाली मुक्कामी ६२ टक्के, आणि काटा म्हणतो ४९०. दोन्ही वेळा आम्ही हसलो, पण पहिल्यांदा जरा उसनं.

तिसरा टप्पा बिनघोर गेला. हीटर आईसाठी लावला, पण सीट गरम केल्यावर तिनेच अर्ध्या तासात बंद करायला सांगितला.

आता जे चुकलं ते. शेवटच्या दिवशी २४०० वर ५८ टक्के होते. चार्ज केलं नाही, वळणावळण यांनी सांगितल्याप्रमाणे. बॅटरीत भरपूर जागा, रीजन मिळणारच, अशा थाटात सकाळी सात वाजता निघालो. बाहेर उणे ४ अंश. गाव सोडताच तीव्र उतार. पाय उचलला तर गाडी थांबायचं नाव घेईना! पडद्यावर रीजनची पट्टी एरवी अर्ध्यापर्यंत जाते, ती जेमतेम नखाएवढी. तीन-चार वळणं ब्रेकवर काढली, मग वास यायला लागला. रस्त्याला थोडी रुंद जागा दिसली तिथे थांबलो. मुलगी म्हणाली, 'बाबा, सॉकेटचा वास इथे पण?'

वीस मिनिटं थांबून, पुढे १५-२० च्या वेगाने उतरलो. दहाएक किलोमीटरनंतर पट्टी हळूहळू मोठी झाली. धागा पुन्हा वाचला तेव्हा दिसलं, सावकाश यांनी शनिवारी सकाळीच लिहिलं होतं. एका ओळीत. आम्ही सगळे त्यावरून पुढे निघून गेलो.

---

सावकाश | मंगळवार, रात्री १०:४०

मीही त्यावरून पुढे पाइक्स पीकला निघून गेलो, माझीच चूक जास्त.

गार बॅटरी आणि भरलेली बॅटरी उतारावर सारख्याच वागतात, दोघीही वीज घेत नाहीत. वर मुक्काम असेल तर रात्री प्लग लावून ठेवायचा, पण चार्जिंगचा टायमर असा लावायचा की ते निघायच्या वेळी संपेल. दहा टक्केच भरायचे असले तरी पहाटे दोन-तीन तास करंट जात राहिला तर बॅटरी निदान कुडकुडत नाही. ज्या गाड्यांत बॅटरी आधी गरम करायची सोय आहे त्यांनी ती वापरावी.

---

ओहमचा_भाऊ | मंगळवार, रात्री ११:०५

ऑइल बदललं होतं ना? त्याने वाचलात. आता ब्रेकचे पॅड उघडून बघा. जास्त तापले असतील तर पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो, मग पकड कमी होते. चकाकत असतील तर नवे टाका, घासून परत बसवू नका.

---

कडेकपार | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

पॅड बघून घेतले. पुढच्या डाव्या चाकाचे चकाकत होते, दोन्ही बाजूंचे बदलले.

---

शंकेखोर | गुरुवार, रात्री ८:१२

वृत्तांत आवडला. मुलीच्या वहीचं एखादं पान टाका की. मी पण पुढच्या महिन्यात तोच विचार करतोय, माझी बॅटरी ३५ ची आहे.

---

कडेकपार | गुरुवार, रात्री ८:५०

तिची परवानगी घेऊन खिंडीच्या दिवसाचं पान जसंच्या तसं उतरवतो :

० किमी, १९०० मी., ८८ टक्के. आजी म्हणते दार नीट लाव.
१२ किमी, २२५० मी., ८०. बाबा बोलत नाहीत.
२४ किमी, २६०० मी., ७२. बर्फ दिसला!!
३६ किमी, २९५० मी., ६४. बाबा अजून बोलत नाहीत.
४८ किमी, ३३०० मी., ५६. खिंड. बाबा म्हणाले तिकीट फाटलं. कुठलं तिकीट?
६० किमी, २९१० मी., ५८. वाढले!
७२ किमी, २५२० मी., ६०.
८५ किमी, २१०० मी., ६२. बाबा गाणं म्हणतायत.

---

गणितकाकू | गुरुवार, रात्री ९:०५

शंकेखोर, ३५ च्या बॅटरीला हे टक्के लागू नाहीत, युनिटं काढून भागायला लागतील. गाडीचं वजन आणि रस्त्याचा सगळा चढ इथे टाका. बेरीज करून.